जुन्या गाडीचा रिमोट जिवंत करण्याचे शास्त्र

रिमोट बंद पडणे म्हणजे काय, याची व्याख्या आधी करून घ्यावी. आमच्या निमाडातल्या धामनोदमध्ये ती अशी : बटण दाबल्यावर गाडी गप्प राहते आणि आमच्या घरचे काकासाहेब बोलू लागतात. "आमच्या वेळी चाबी होती. चाबी कधी बंद पडली नाही." या विधानाला उत्तर देऊ नये. हा नियम पहिला.

नियम दुसरा, निदान. मोबाइलचा कॅमेरा रिमोटसमोर धरून 'दिवा लागतो का' हे पाहणारे तज्ज्ञ प्रत्येक गल्लीत भेटतात. ती परीक्षा टीव्हीच्या रिमोटची. गाडीचा रिमोट रेडिओलहरी सोडतो; त्या कुठल्याच कॅमेऱ्याला दिसत नाहीत. त्यामुळे हात लांब करून, एक डोळा मिटून गाडीवर नेम धरण्याचीही गरज नसते. काकासाहेब धरतात. पल्ला कमी पडत असेल तर रिमोट हनुवटीला टेकवून दाबावा. डोक्यातल्या पाण्यामुळे लहर थोडी लांब जाते. हे खरे आहे, पण घरात सांगताना शब्द जपून वापरावेत. "माझ्या डोक्यात पाणी?" यावर आमच्याकडे अख्खे जेवण पार पडले.

नियम तिसरा, सेल. घड्याळवाल्याकडे जाऊन नुसते 'रिमोटचा सेल' म्हणू नये, जुन्यावरचा आकडा वाचून सांगावा. २०३२ म्हणजे २० मिलिमीटर व्यास आणि ३.२ मिलिमीटर जाडी. २०२५ आकाराने तेवढाच, पण पातळ असतो. तो बसवून खाली चॉकलेटच्या चांदीची घडी सारणारे महाभाग आहेत. नावे घेत नाही, घरातलीच आहेत. पितळी पट्ट्या खोडरबराने पुसाव्यात. तरीही बटण दाबताना 'टिक' जाणवत नसेल, तर आतला चिमुकला स्विच झिजलेला असतो. तो मोबाइल दुरुस्तीवाला डाग देऊन बदलतो, नव्या रिमोटचा खर्च वाचतो. रिमोट गाडीत, काचेखाली ठेवू नये. निमाडातला मे महिना सेललाही सोसत नाही.

नियम चौथा. परदेशस्थ पुतण्यांवर अवलंबून राहू नये. न्यू जर्सीहून अगदी हुबेहूब दिसणारा रिमोट येतो, सगळे कौतुक करतात, आणि गाडी ढिम्म. अमेरिकेकडचे बरेचसे रिमोट ३१५ मेगाहर्ट्झवर बोलतात, आपल्याकडचे बहुतेक ४३३.९२ वर. रूप पाहून सोयरीक करू नये, मागचा पार्ट नंबर जुळवावा.

नियम पाचवा, आणि इथे विनोद बाजूला ठेवतो. नवे कव्हर घेतले की जुने लगेच फेकू नका. किल्लीच्या डोक्यात बहुधा काळ्या वडीएवढी किंवा काचेच्या बारीक नळीसारखी एक चिप असते. तिला सेल लागत नाही. गाडीने तिला ओळखले तरच ती इंजिन सुरू होऊ देते. ती कचऱ्यात गेली तर दार झकास उघडेल आणि गाडी जागची हलणार नाही. मग इंदूरहून माणूस बोलवा, तो मानपूरचा घाट उतरून येणार, आणि घाटाचेही पैसे लावणार.

नियम सहावा, प्रोग्रामिंग. हा विधी गाडीगणिक वेगळा, म्हणून आधी पुस्तिका शोधावी. (आमच्याकडे ती विमा, पीयूसी आणि एका लग्नपत्रिकेसोबत रबरबँडमध्ये आहे.) काही गाड्यांत तो असा : सगळी दारे बंद, इग्निशन ऑन, एक ते चार सेकंदांत रिमोटवरचे लॉक दाबा, इग्निशन ऑफ. असे तीन वेळा. चौथ्यांदा इग्निशन ऑन करून लॉक दाबले, की कुलपे आपोआप खटकन वर-खाली होतात. मग लगेच घरातले सगळे रिमोट एकेकदा दाबा. जो राहिला त्याला गाडी विसरली. या काळात कोणीही दार उघडू नये. तिसऱ्या फेरीला "झालं का रे?" म्हणत काकासाहेब दार उघडतातच, म्हणून आधी त्यांना चहाला बसवावे. साखर विसरल्यासारखे करावे म्हणजे थोडा अवधी मिळतो.

नियम सातवा. प्रत्येक दाबागणिक रिमोटचा संकेत बदलतो. रात्री अंथरुणात पडून 'लॉक झाली असेल ना' म्हणून बटण दाबत राहिले, की रिमोट पुढे निघून जातो आणि गाडी मागे राहते. मग सकाळी जवळ जाऊन लागोपाठ दोनदा दाबले, तर अनेक गाड्या पुन्हा सूर जुळवतात.

आता जरा त्यांच्या बाजूने. काकासाहेब रिमोटने लॉक करतात, मग चारही दारे ओढून पाहतात, मग डिकी, आणि आठवड्यातून एकदा चावीनेच गाडी उघडतात, "सवय राहावी" म्हणून. आम्ही हसायचो. पण खलघाटला नर्मदेच्या काठी एका भावजींच्या गाडीचा सेल संपला, तेव्हा त्यांच्या दाराच्या कुलपात चावी फिरेना. वर्षानुवर्षे फिरलीच नव्हती, आत धूळ गच्च. काकासाहेबांचे कुलूप मात्र लोण्यासारखे फिरते.

कुलपात तेल घालू नये, धूळ आणखी चिकटते. पेन्सिलीचे शिसे किसून त्याची पूड चावीला लावावी आणि चावी चार वेळा आत-बाहेर करावी. पेन्सिल काकासाहेबांच्या सदऱ्याच्या खिशात असते. विचारून घ्यावी आणि टोक करून परत द्यावी, ते लांबी लक्षात ठेवतात.