आधुनिक चक्रवर्तींस अनावृत पत्र

राजमान्य राजेश्री चौचाकी चक्रवर्ती महाराज यांसी, कृतानेक साष्टांग नमस्कार विनंती विशेष.

ज्याच्या रथाची चाके पृथ्वीवर कोठेही अडत नाहीत तो चक्रवर्ती, ही पूर्वसूरींची व्याख्या मी आजवर अतिशयोक्ती मानीत आलो होतो. परंतु गेल्या श्रावणातील एका रविवारी, सातारच्या पश्चिमेस आमच्या गावावरील सड्यावर, आपल्या सात जीपगाड्यांचा ताफा धुके फाडीत आला आणि गुराखीदेखील ज्या पाणथळीला वळसा घालतो तिच्या बरोबर मध्यावर शिरला, तेव्हा माझा भ्रम फिटला. चाके अडली ती पुढे, चिखलात.

आपले भोंगे, आपली गाणी आणि मागे टाकलेल्या बाटल्या यांविषयी मी तक्रार करीत नाही. भोंगा थांबतो, बाटली उचलता येते. वाहून गेलेली माती परत आणता येत नाही.

महसुली दफ्तरात या जमिनीची नोंद ‘सरकारी पड’ अशी असल्यामुळे ती बेवारस आहे असा आपला समज झाला असल्यास दोष आपला नव्हे, कारकुनाच्या लेखणीचा. वस्तुस्थिती अशी की, जांभ्याच्या कातळावर कोठे दोन बोटे तर कोठे चार बोटे एवढाच मातीचा थर असतो, आणि तो साठण्यास शतके लागतात. त्यात नत्र इतके अल्प की सीतेची आसवे ही जांभळ्या फुलांची इवलीशी वनस्पती मातीत सूक्ष्म पिशव्या पसरून पाण्यातले जीव पकडते आणि कसाबसा आपला चरितार्थ चालविते. अशा दरिद्री संसारावरून आपली दिग्विजययात्रा गेली.

चाकोरीबाहेरचा आनंद शोधण्यास आपण आलात आणि मागे ठेवलेत काय, तर चाकोरी! आपण गेल्यावर मी तिच्यात बोटे घातली, तो ती थेट तांबड्या कातळाला टेकली. दोन्ही काठांची माती विटेसारखी दडपलेली. तिच्यात पाणी मुरेना, ते चाकोरीतूनच धावू लागले. अनंत चतुर्दशीस पाहतो तो चाकोरीचा ओहळ झालेला, आणि खालच्या भातखाचरात तांबडा गाळ.

आपले टायर, आपली विंच, टपावरील दिव्यांची माळ, टोपीवरचा गरुडसुद्धा अमेरिकेचा. तेथून सारे आणलेत. 1972 साली अध्यक्ष निक्सन यांनी काढलेला हुकूम तेवढा विसरलात. सार्वजनिक जमिनीवर अशा गाड्यांनी कोठे फिरावे आणि कोठे फिरू नये हे मातीची व झाडोऱ्याची हानी कमीत कमी होईल अशा बेताने ठरवावे, असे त्यात आहे. आणि 1977 साली अध्यक्ष कार्टर यांनी त्यात भर घातली की, जेथे अशी हानी मोठी होत असेल तेथे ती वाट तत्काळ बंद करावी. त्या कागदावर जकातही लागली नसती.

महाराज, उपरोध पुरे. सात पिढ्यांनी राखलेली वस्तू एका दुपारी लुटणे याला आमच्याकडे खेळ म्हणत नाहीत, दरोडा म्हणतात!

एवढे लिहून लेखणी थांबते, कारण आपल्यातला एक तरुण डोळ्यांपुढे येतो. चिखलात उभा राहून दोर अडकविता अडकविता तो थबकला आणि म्हणाला, “आजोबा, ही जांभळी फुलं कसली?” त्याच्या बोटांना माती लागली होती, आणि ती तो पुसत नव्हता. आठवडाभर काचेच्या इमारतीत कोंडलेला जीव सुटीला चिखलाकडे धावला, तर त्यात त्याचा काय अपराध? त्याला हवी होती ती माती. गाडी हे निमित्त.

तेव्हा त्याच्यापुरती एक विनंती. पुढील मृगापूर्वी त्या चाकोरीत आडवे दगड रचून पाणी अडवावयाचे आहे. घमेली आमची, भाकरी आमची. त्याने यावे, गाडी मात्र खाली देवळापाशी ठेवावी आणि सडा पायांनी चढावा. हे विज्ञापना.