कॅमॅरोच्या खिडक्या कापणाऱ्यास

महाशय,

स. न. वि. वि. शेवरोले कॅमॅरोच्या सहाव्या पिढीच्या खिडक्या आखणारे आपण नेमके कोण, ते ठाऊक नाही. म्हणून हे पत्र उघडेच पाठवतो.

२०१५ साली आपल्याच कंपनीतल्या इंजिनिअर मंडळींनी काय करून ठेवले, आठवते? कॅडिलॅकचा अल्फा सांगाडा घेतला, आधीच्या गाडीपेक्षा सुमारे ९० किलो वजन उतरवले, एसएस या आवृत्तीत ६.२ लिटरचे, ४५५ अश्वशक्तीचे व्ही-८ बसवले. अमेरिकन मसल कार सरळ रस्त्यावरच पळते आणि वळण आले की गांगरते, ही जुनी कुचेष्टा त्यांनी बंद पाडली. २०१७ मध्ये झेडएल१ १एलई या आवृत्तीने जर्मनीतल्या न्युरबुर्गरिंगची फेरी ७ मिनिटे १६.०४ सेकंदांत मारली. इतकी गुणी गाडी आपल्याला कशी पाहवणार?

मग आपण छत खाली दाबलेत, दरवाजे वर चढवलेत आणि मधे उरलेल्या फटींना खिडक्या म्हटलेत. किल्ल्याच्या तटातल्या जंग्यांतून निदान शत्रू तरी दिसतो. इथे लेन बदलायची ती अंदाजपंचे. मागच्या काचेबद्दल तर बोलायलाच नको! २०१९ मध्ये त्यावर उतारा निघाला: मागचे दृश्य दाखवणारा कॅमेऱ्याचा आरसा. काच मोठी करण्यापेक्षा कॅमेरा बसवावा, ही अक्कल थोरच. त्याच वर्षी एसएसच्या तोंडावर आडवी काळी पट्टीही आली. लोक इतके ओरडले की वर्षभरात चेहरा बदलावा लागला.

डिकी २५७ लिटरची. मागची सीट पाय नसलेल्यांसाठी.

गिऱ्हाइके मग डॉज चॅलेंजरकडे वळली. २००८ पासूनची, जड, वळणावर सुस्त. पण मागे माणसे बसत, ४५९ लिटरच्या डिकीत सामान मावे. एसयूव्हींनी बाजार खाल्ला, असे आपण म्हणाल. खरे आहे, पण फोर्ड मस्टँगच्या वाट्यालाही तोच बाजार आला होता. तिला शह द्यायला १९६६ मध्ये कॅमॅरो आणली. ती मस्टँग व्ही-८ आणि मॅन्युअल गिअरसकट अजून विकली जाते. कॅमॅरो २०२४ च्या मॉडेलनंतर बंद.

पुढेमागे ती परत आलीच, तर आपल्या मालक कंपनीला, जनरल मोटर्सला, एकच विनंती: आराखडा पक्का होण्याआधी आपल्याला तिच्यात बसवावे आणि गच्च भरलेल्या पार्किंगमधून गाडी रिव्हर्समध्ये बाहेर काढायला सांगावे. कॅमेरा बंद ठेवून.

कळावे,
एक कॅमॅरोप्रेमी