सत्तरी ओलांडलेली मुलगी

शाळेत प्रार्थनेला मला पहिल्या दिवशी टाळ देण्यात आले. दुसऱ्या दिवशी तेही काढून घेण्यात आले. तेव्हापासून समूहगान ही गोष्ट मी लांबून आणि आदराने ऐकत आलो आहे. समूहात गाणं जमत नसलेल्या माणसाला समूहाचं जे कौतुक वाटतं, ते गाणाऱ्याला कळायचं नाही. पोहता न येणारा माणूस विहिरीच्या काठावर बसून टाळ्या वाजवतो ना, तसलं ते कौतुक.

त्या कौतुकापोटीच मी एका परदेशी मुलीच्या प्रेमात पडलो. तिचं नाव एलेरहेइन. गाव टॅलिन, देश एस्टोनिया, जन्म 1951. म्हणजे वय सत्तरीच्या पुढे. पण आवाज अजून सोळाचा. ही एक मुलगी नव्हे, मुलींचा गायकसमूह आहे.

जन्मवर्ष नीट पाहा. एस्टोनिया तेव्हा सोव्हिएत अमलाखाली. 1949 च्या मार्चमध्ये हजारो माणसांना घरातून उचलून सायबेरियाकडे धाडलेलं. 1950 च्या राष्ट्रीय गानसोहळ्याआधी तूदूर वेत्तिक, रिहो पॅत्स, आल्फ्रेद कारिंदी या तीन नामवंत संगीतकारांना अटक झालेली. गाणं बसवणं हाच गुन्हा ठरू शकेल अशा हवेत, दुसऱ्याच वर्षी हेइनो काल्युस्ते नावाचा पंचविशीतला तरुण मुलांना गोळा करून सूर लावायला शिकवू लागला. बालसमूह म्हणून सुरू झालेल्या या रोपट्याला पुढे मुलींच्या समूहाची फांदी फुटली आणि तिनेच नाव काढलं. त्या नावातल्या ‘हेइन’चा एस्टोनियन अर्थ गवत. नाव ठेवणाऱ्याच्या मनात काय होतं ते तो जाणे. पण कापलं तरी पुन्हा उगवणारी ही गोष्ट या समूहाला फारच शोभून दिसते.

कारण मुलींच्या समूहाचं दुखणं वेगळंच असतं. नाटक कंपनीचा नट म्हातारा होतो, क्रिकेटपटूचे गुडघे जातात. इथे मात्र माणूस मोठं झालं हीच अडचण! लहानपणी आलेल्या मुलीचा सूर घोटून घोटून पक्का करायचा, तिला शेजारणीच्या आवाजात आपला आवाज विरघळवायला शिकवायचं, आणि ते छान जमू लागलं की तिला निरोप द्यायचा. दर वर्षी उत्तम मुली सासरी पाठवणारा हा वधूपिता. मांडव मात्र कधी मोडत नाही, कारण दारात पुढच्या छोट्या उभ्याच असतात. एवढ्या काळात समूहातल्या मुली कितीदा पालटल्या; पण तीन हातांनीच तो वाढवला. काल्युस्ते 1989 साली गेले, मग तीया-एस्तेर लोइत्मे आणि त्यांच्यानंतर इंग्रिड कर्वित्स.

काल्युस्ते यांच्या आणखी एका कामामुळे मला ते आपल्या गल्लीतले गुरुजी वाटतात. हंगेरीच्या कोदाय यांची स्वरशिक्षणाची पद्धत त्यांनी एस्टोनियाच्या शाळांत रुजवली. तुरुंगवास भोगून परतलेले रिहो पॅत्सही त्या कामात होते. एस्टोनियन शाळांतले हे स्वर असे: यो, ले, मी, ना, सो, रा, दी. वाचायला गमतीचे वाटतात, पण मर्म ऐका. त्यांचा ‘यो’ एका जागी खिळलेला नाही. गळ्याला सोसेल त्या पट्टीत तो धरायचा आणि बाकीच्यांनी त्याच्या नात्याने उभं राहायचं. आपला ‘सा’ दुसरं काय करतो? काळी एक असो की पांढरी चार, आपण ‘सा’ धरला की तोच घरचा कर्ता. मला मात्र कुठल्याच पट्टीत तो सापडला नाही, हा पद्धतीचा दोष नव्हे.

एस्टोनियाची लोकसंख्या साधारण तेरा लाख, म्हणजे गोव्याहूनही थोडी कमी. पण गाण्याचं वेड अफाट. 1869 साली टार्टूला पहिला गानसोहळा झाला, त्याचं नाव ‘लाउलुपिदु’. त्यात आठशेहून अधिक कलावंत जमले, आणि गाणारे झाडून सगळे पुरुष! बायकांना मिश्र समूहातून तिथे गायला 1891 उजाडावं लागलं. पुढे याच गाणाऱ्या लोकांनी 1988 च्या सप्टेंबरात टॅलिनच्या गानमैदानावर लाखोंच्या संख्येने जमून गायलं आणि 20 ऑगस्ट 1991 ला स्वातंत्र्य परत मिळवलं. इतिहास त्याला ‘गाणारी क्रांती’ म्हणतो. काल्युस्ते यांना तो दिवस पाहायला मिळाला नाही, हे वाचताना मात्र चुटपुट लागते.

काल्युस्ते यांचे चिरंजीव तनू यांनी पुढे समूहगानात जगभर नाव मिळवलं. आणि मुलींनी? सिबेलियस या फिनलंडच्या संगीतकाराच्या कँटाटा, म्हणजे गायकसमूह आणि वाद्यवृंदासाठीच्या गीतरचना, त्यांनी पावो यार्वी यांच्या संचालनाखाली, एस्टोनियाच्या राष्ट्रीय पुरुषसमूहासोबत आणि राष्ट्रीय सिम्फनी ऑर्केस्ट्रासोबत गायल्या. त्या ध्वनिमुद्रणाला 2004 साली ग्रॅमी मिळालं. 1869 च्या मैदानात ज्यांना जागा नव्हती, त्यांच्या खापरपणत्यांनी पुरुषांच्या खांद्याला खांदा लावून मिळवलेलं हे बक्षीस!

ते ध्वनिमुद्रण मिळालं तर जरूर ऐका. त्यात गाणाऱ्या मुली आज तिशी-चाळिशीच्या बाया आहेत. आणि आज त्यांच्या जागी उभ्या राहून गाणाऱ्या बहुतेक मुलींचा तेव्हा जन्मही झाला नव्हता.