टक्कल, मिशी आणि ५० केबी

बँकेतल्या नोकरीचा ऑनलाइन अर्ज भरताना नाव, पत्ता, दहावीचे टक्के वगैरे माणूस झपाझप भरतो. मग ते पान येतं. फोटो २०० बाय २३० पिक्सेल, २० ते ५० केबी. सही १४० बाय ६०, १० ते २० केबी. मोबाइलवर काढलेला फोटो असतो चांगला ४००० बाय ३०००, तीन-चार एमबीचा. इथे उमेदवाराला घाम फुटतो आणि आमच्या घराची बेल वाजते.

सोसायटीत मोबाइल घरटी चार आहेत, पण टेबलावर बसून घरघरणारा संगणक आता आमच्याकडेच उरलाय. फुकटात केबी कमी करून देणाऱ्या साइट सतराशे साठ. पण पोरीचा फोटो आणि सही परक्याच्या हाती कशाला द्यायची, असं दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंचं म्हणणं, आणि ते मला शंभर टक्के पटतं. म्हणून मी आपला पेंट उघडतो. १९८५च्या पहिल्यावहिल्या विंडोजपासून हा गडी हजर आहे. २०१७ साली मायक्रोसॉफ्टने त्याला निवृत्त करायचं घाटत असल्याचं सूचित केलं, तर लोकांनी एवढा गलका केला की कंपनीला खुलासा करावा लागला. पेन्शनला निघालेल्या माणसाला लोकांनी खुर्चीत परत बसवल्याचं दुसरं उदाहरण निदान माझ्या पाहण्यात नाही.

पेंटमध्ये 'रिसाइझ'च्या चौकटीत लांबी-रुंदीचं प्रमाण राखणारी एक टिक असते. उमेदवार घाईत असला की ती काढायला लावतो. "काका, २०० बाय २३० टाका ना डायरेक्ट!" आडवा फोटो मग दोन्ही बाजूंनी दाबला जातो. असा एक फोटो बघून पोराच्या आईच्या डोळ्यांत पाणी आलं. "होस्टेलवर काही खातोस की नाही रे?" आधी कडा कापून फोटो उभा करायचा, मग लहान करायचा, हे सांगेपर्यंत त्या डबा भरायला गेल्यासुद्धा.

काकूंचा हिशेब वेगळा. "निम्मा कर," म्हणाल्या. मी ५० टक्के टाकले. लांबी निम्मी, रुंदीही निम्मी, म्हणजे पिक्सेल उरले पाव. "निम्मा सांगितला होता, पाव कसा केलास?" जन्मभर भाजीवाल्याशी हुज्जत घातलेल्या बाईला हे गणित पटवणं माझ्या कुवतीबाहेरचं आहे. वर अट अशी की "केबी कुठूनही काढ, पैठणीच्या काठाला हात लावू नकोस."

आणि नेमके काठच केबी खातात! जेपेग नावाची पद्धत चित्राचे आठ बाय आठ पिक्सेलचे चौकोन पाडते आणि एकेका चौकोनात किती बारकावा आहे ते बघते. सपाट रंग असेल तर थोडक्यात भागतं. नक्षी, केस, जरतार असलं काही आलं की जागा लागते. म्हणजे जेपेगच्या दरबारात मिशी महाग आणि टक्कल स्वस्त.

हे ऐकून वरच्या मजल्यावरचा, तिशीतच कपाळ मागे सरकलेला उमेदवार खूश झाला. पण त्याचा २०० बाय २३०चा फोटो भरला जेमतेम ११ केबी. अर्ज म्हणे, किमान २० हवेत. आजवर सगळे केबी उतरवायला येत होते, हा पहिला गडी चढवायला आला. "मग हाच मोठा करा ना!" तसं केलं की केबी वाढतात, पण गेलेला बारकावा परत येत नाही. संगणक मधले पिक्सेल अंदाजाने भरतो आणि नाक धुक्यात जातं. त्या अर्जात पिक्सेल 'शक्यतो' होते, केबी मात्र सक्तीचे. म्हणून मूळ फोटोवरूनच ३०० बाय ३४५चा केला. प्रमाण तेच, केबी २०च्या वर. सहीचंही तेच झालं. पांढऱ्या कागदावर एक बारीक रेघ, तिला १० केबी कुठून येणार? "जाड पेनाने, खाली दोन रेघा मारून कर," म्हटलं. त्याची सही आता एखाद्या मंत्र्याची वाटते.

तर मंडळी, फोटो घेऊन जरूर या, पण मूळ फोटो आणा. व्हॉट्सॲपवरून तीनदा फिरून आलेला नको, तो वाटेतच वाळलेला असतो. बारीक केलेली प्रत वेगळ्या नावाने ठेवा, मूळ फोटोवर सेव्ह करू नका. आणि तिला 'फायनल' हे नाव देऊ नका. आमच्या संगणकात त्या नावाच्या फाइल आधीच ढिगाने आहेत, आणि त्यांतली एकही फायनल नाही.