प्रति, मा. सरासरी विद्यार्थी

प्रति,
मा. सरासरी विद्यार्थी,
इयत्ता चौथी, महाराष्ट्र राज्य.

विषय : आपल्या मापाबाबत.

महोदय,

अर्जदार पळस्प्याचा रहिवासी आहे. पनवेल सोडल्यावर एक रस्ता पुण्याकडे आणि एक गोव्याकडे फुटतो, त्या फाट्यावरचा. आपल्याला आजवर कोणी पाहिलेले नाही. तरीही २०२४-२५ साली राज्यातल्या सरकारी शाळांचे गणवेश आपल्याच अंगावर बेतले गेले, म्हणून हा खुल्या पत्राचा खटाटोप.

अर्जदार गणवेशाच्या विरोधात नाही, हे आधीच नोंदवून घ्यावे. उलट तो सक्तीचाच असावा, असे त्याचे मत आहे. पनवेलच्या आसपास विमानतळ आला, गोदामे आली, जमिनींना सोन्याचे भाव आले. कोणाच्या बापाने जमीन विकली आणि कोणाचा बाप त्याच जमिनीवर विटा वाहतो, हे रंगीत कपड्यांत लांबून कळते. आकाशी शर्टात कळायला निदान मधली सुट्टी तरी व्हावी लागते.

तर, २०२३ साली तत्कालीन शालेय शिक्षणमंत्री दीपक केसरकर यांनी ‘एक राज्य, एक गणवेश’ जाहीर केले. बऱ्याच शाळांनी आपापले कपडे आधीच सांगून ठेवले होते. त्यावर तोडगा निघाला तो असा : आठवड्याचे पहिले तीन दिवस शाळेचा गणवेश, पुढचे तीन दिवस सरकारचा. म्हणजे पोरगा बुधवारपर्यंत गावाचा, गुरुवारपासून राज्याचा.

पुढच्या वर्षी योजना पुरती अंगात आली. आकाशी शर्ट, गडद निळी पँट. दुसरा जोड स्काउट-गाइडचा. कापड एकगठ्ठा खरेदी झाले. नेहमीचा गणवेश महिला आर्थिक विकास महामंडळाच्या म्हणजे ‘माविम’च्या बचत गटांनी शिवायचा होता; स्काउटचे कापड शाळेला मिळणार आणि शिलाई शाळा व्यवस्थापन समितीने बघायची. दर शंभर रुपये, वर दहा रुपये किरकोळ खर्चाला. या पैशांत शर्ट-पँट शिवून देणारा टेलर शोधणे हाच मुख्याध्यापकांसाठी स्वतंत्र प्रकल्प झाला. काज-बटणाचे काम त्याला वेगळे द्यावे लागते, हे कोणत्या तक्त्यात बसवायचे?

जून गेला, जुलै गेला. स्वातंत्र्यदिनाच्या झेंडावंदनाला कित्येक शाळांतली मुले जुन्या नाहीतर घरच्या कपड्यांत उभी होती. मिळाले त्यांच्याही तक्रारी होत्या : खांद्याची शिवण कोपराकडे उतरलेली, नाहीतर पँटचे बटण लागेना. दोष शिवणाऱ्या बायांना देऊ नये. मूल समोर न बघता त्याचे कपडे शिवायला सांगितले, तर कसलेला टेलरही हेच करील. गावातला टेलर पोराला समोर उभे करतो, आईकडे बघतो आणि न सांगता पँटच्या तळाशी चार बोटे कापड आत दुमडून ठेवतो. पुढच्या जूनला ते उसवायचे. आपण, महोदय, वाढत नाही. त्यामुळे दुमड कशासाठी ते आपल्याला समजायचे नाही.

आपल्याला पाऊसही लागत नाही. आमच्याकडे आषाढात दांडीवरचा शर्ट दोन-दोन दिवस ओलाच राहतो. त्यामुळे दुसरा जोड उशिरा येणे म्हणजे सक्तीच्या गणवेशात दमट शर्ट घालून जाणे, किंवा घरी बसणे. चंद्रपूरच्या मुलाची अडचण नेमकी उलटी, त्याला उन्हात चालेल असे सुती हवे. दोघांची सरासरी काढली की आपण तयार होता.

अखेर २० डिसेंबर २०२४ च्या शासन निर्णयाने २०२५-२६ पासून गणवेशाचे काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे आले. समग्र शिक्षा योजनेतून दोन जोडांना सहाशे रुपये मिळतात. पैसे थोडेच; पण निदान टेलर ओळखीचा. निर्णय मागे घेतला याबद्दल सरकारचे आभार. मात्र ज्यांचे एक वर्ष त्यात गेले, ती मुले तोवर शर्टाच्या एका मापाने वाढली होती.

तरी विनंती की, पुढची कोणतीही ‘एक राज्य, एक’ योजना मंजूर होण्यापूर्वी आपण एकदा प्रत्यक्ष पळस्प्यास यावे. टेलर छाती, कंबर, उंची लिहून घेईल.

ता. क. : १५ मार्च २०२४ रोजी शिक्षकांनाही पेहरावाचे नियम लागू झाले, जीन्स, टी-शर्ट बंद. त्यांचे कापड मात्र कोणी एकगठ्ठा खरेदी केले नाही. ते आपापल्या टेलरकडे गेले आणि जूनमध्ये नियमाप्रमाणे हजर झाले.

आपला नम्र,
अर्जदार