मतदार-श्रोता: एक प्राथमिक विवेचन

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या पट्ट्यातील संगीतरसिकांचा विचार करताना ‘मतदार-श्रोता’ ही संज्ञा स्वीकारणे भाग पडते. गायकाचे गाणे विकत घेण्याआधी त्याला निवडून आणण्यासाठी ज्याने महागड्या दराचे एसएमएस खर्ची घातले, आणि त्यामुळे ते गाणे कसे आहे हा प्रश्न ज्याच्यापुरता ऐकण्यापूर्वीच निकालात निघालेला असतो, तो मतदार-श्रोता होय. त्याचा उदय ५ मार्च २००५ रोजी झाला, असे मानण्यास हरकत नाही. त्या रात्री सोनी वाहिनीवरील ‘इंडियन आयडॉल’च्या पहिल्या पर्वात मुंबईच्या अभिजीत सावंत यांनी भिलाईच्या अमित साना यांना मागे टाकले, आणि पालिका निवडणुकीची सुटी गावी जाण्यासाठीच असते अशी समजूत असलेल्या, कल्याणच्या पुढे राहणाऱ्या मराठी माणसाला लोकशाहीची गोडी लागली.

त्याच वर्षी सावंत यांचा पहिला एकल अल्बम, म्हणजे चित्रपटाच्या कथेचा वा नायकाच्या चेहऱ्याचा आधार न घेता एकाच गायकाच्या नावावर खपणारा गीतसंग्रह, ‘आपका अभिजीत सावंत’ या नावाने बाजारात आला. तो हिंदीत होता. मराठी मुलगा जिंकलाच पाहिजे या एका मुद्द्यावर घरातले सगळे मोबाइल राबवणाऱ्या चाहत्याला त्यात काही खटकले नाही. ‘मोहब्बतें लुटाऊंगा’ हे गाणे त्याने सत्यनारायणाच्या मंडपात मराठी अस्मितेचा आविष्कार म्हणूनच वाजवले.

या श्रोत्याची समीक्षापद्धती सुटसुटीत असते. गाणे आवडले तर श्रेय गायकाचे आणि काही अंशी स्वतःचे. आवडले नाही तर दोष संगीतकाराचा, कंपनीच्या घाईचा किंवा मिक्सिंगचा. मिक्सिंग, म्हणजे आवाज आणि वाद्ये यांचा तोल जुळवण्याची क्रिया, हा शब्द बदलापूर लोकलच्या दुसऱ्या वर्गात बहुधा याच काळात रुजला असावा, कारण सीएसटीपर्यंतच्या ६८ किलोमीटरांत भजनी मंडळाच्या टाळांवर आवाज चढवून चर्चा करायची तर शब्द वजनदारच हवा.

अर्थशास्त्र मात्र गुंतागुंतीचे आहे. निवडणुकीत सढळ हाताने पैसा ओतणारा हा चाहता अल्बमच्या वेळी अचानक काटकसरी झाला आणि त्याने तो एमपीथ्री सीडीवर, म्हणजे कोणाला न विचारता शंभरावर गाणी दाबून बसवलेल्या तबकडीवर, कव्वाल्या आणि आरत्या यांच्या मधोमध ऐकला. ‘मेड इन यूएसए’ याचा अर्थ उल्हासनगर सिंधी असोसिएशन, असे स्वतःच सांगून खळखळून हसणाऱ्या शहराच्या शेजारी राहून अस्सल प्रतीचा हट्ट धरणे हा शेजारधर्माचा भंगच ठरला असता.

पुढे २००६ मध्ये दुसऱ्या पर्वात संदीप आचार्य जिंकले आणि चाहत्याची निष्ठा नव्या मतदारसंघात गेली. २००७ साली आलेल्या सावंतांच्या ‘जुनून’ या दुसऱ्या अल्बममधली गाणी विचारली, तर तो पाणीकपातीवर बोलू लागतो. (अंबरनाथच्या शिवमंदिराला १०६० पासून कोणी मत दिलेले नाही, बहुधा म्हणूनच ते अजून उभे आहे.)

२०२४ साली, गाण्याची अट नसलेल्या ‘बिग बॉस मराठी’च्या पाचव्या पर्वात, सावंत प्रेक्षकांच्या मतांवर उपविजेते ठरले, विजेते सूरज चव्हाण होते. २००५ मध्ये ज्यांनी ज्यांनी एसएमएस पाठवले, त्यांनी तो पहिला अल्बम आता एकदा ऐकावा. गळा खरोखरच चांगला आहे.