‘त्यात काय एवढं!’

जेंटू लिनक्स शिकायला घेतल्यापासून एक वाक्य माझ्या कानांवर सतत पडतं आहे: ‘त्यात काय एवढं!’ कर्नल बूट होत नाही म्हणा, वायफाय लागत नाही म्हणा, घड्याळ पुढे पळतं म्हणा. जाणकार माणूस आधी हे म्हणतो आणि मग, वेळ असेल तर, उत्तर देतो. माझी तक्रार या वाक्याविरुद्ध आहे. जेंटूविरुद्ध अजिबात नाही.

उबंटू किंवा फेडोरा यांसारखं लिनक्स घेतलं की दुसऱ्या कुणीतरी कंपाइल केलेली पॅकेजेस मिळतात, म्हणजे दळून आणलेलं पीठ. जेंटूत धान्य मिळतं, दळण आपलं आपण करायचं. डॅनियल रॉबिन्स यांनी सुरू केलेली ही प्रणाली आधी ‘इनोक’ म्हणून ओळखली जायची; तिची १.० आवृत्ती २००२ साली आली. तिचा ‘पोर्टेज’ हा पॅकेज मॅनेजर फ्रीबीएसडीच्या ‘पोर्ट्स’वरून सुचलेला आहे. ‘इमर्ज’ ही आज्ञा दिली की तो सोर्स उतरवतो, कोणते भाग हवे-नकोत हे सांगणारे, आपण ठरवलेले ‘यूज फ्लॅग’ पाहतो आणि आपल्याच प्रोसेसरसाठी प्रोग्राम बांधतो. ब्लूटूथ नको असेल तर त्या शब्दाआधी उणे चिन्ह लावायचं. ज्या पॅकेजांत तो फ्लॅग असतो त्यांत तो भाग बांधलाच जात नाही. २०२३च्या डिसेंबरपासून जेंटूत बायनरी पॅकेजेसही मोठ्या प्रमाणावर मिळू लागली, तेव्हा ‘मग दळत कशाला बसतोस?’ हा प्रश्नही मला विचारला जातो. आपण रोज वापरतो ते यंत्र आतून कसं उभं राहतं हे मला बघायचं आहे, म्हणून बसतो.

पहिली अडचण एका आकड्याची. पोर्टेजच्या ‘मेककॉन्फ’ फाईलमध्ये कंपाइल करताना एकाच वेळी किती कामं चालवायची ते सांगावं लागतं. ‘प्रोसेसरचे थ्रेड मोज आणि टाक, त्यात काय एवढं’, असं मला सांगण्यात आलं. थ्रेड ८ होते, मी ८ टाकले. रॅमही ८ जीबीच होती. रात्री एक मोठं पॅकेज लावून झोपलो आणि सकाळी पाहिलं तर मेमरी संपल्यामुळे कर्नलने कंपाइलरच मारून टाकलेला. नियम साधा आहे: दर कामाला साधारण २ जीबी रॅम धरायची आणि थ्रेड व रॅम यांतून जो आकडा लहान येईल तो टाकायचा. माझ्यासाठी तो ४ होता. एवढं एक वाक्य कुणी उच्चारलं असतं तर रात्रभराचं काम वाचलं असतं.

दुसरी अडचण कर्नलची, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याची. त्याच्या पर्यायांची यादी हजारोंची आहे आणि अनेकांच्या मदतीत शेवटी लिहिलेलं असतं की खात्री नसेल तर ‘नाही’ म्हणा. शिकणाऱ्याला कशाचीच खात्री नसते. एनव्हीएमई डिस्कच्या ड्रायव्हरपाशी मी ‘हो’ आणि ‘नाही’ यांच्यामधला ‘मॉड्यूल’ हा पर्याय निवडला. मशीन सुरू करताच ‘कर्नल पॅनिक’: मूळ फाईल सिस्टिम सापडत नाही. कारण ते मॉड्यूल होतं त्याच डिस्कवर, जी उघडायला ते मॉड्यूल लागतं. कपाटाची किल्ली कपाटात. ड्रायव्हर कर्नलमध्येच बांधायचा, नाहीतर सुरुवातीच्या पायऱ्यांसाठी ‘इनिटरॅमएफएस’ बनवून त्यात तो ठेवायचा. समजल्यावर ही गोष्ट मला सुंदर वाटली. पण ती समजावण्याच्या जागी मला ऐकायला मिळालं की हे तर सगळ्यांनाच माहीत असतं.

तिसरी नेटची. जेंटू बसवताना यूएसबीवरून चालवलेल्या प्रणालीत वायफाय छान चालतं, म्हणून ते आपल्यापाशी आहेच असं वाटतं. प्रत्यक्षात ते यूएसबीवरच्या प्रणालीचं असतं. रीबूट केलं आणि नव्या प्रणालीत ना वायफायचं फर्मवेअर, ना वायफायशी जोडणी करणारा ‘डब्ल्यूपीए सप्लिकंट’, ना पत्ता मिळवणारा ‘डीएचसीपी’ क्लायंट. फर्मवेअरच्या पॅकेजसाठी परवाना मान्य असल्याचं आधी लिहून द्यावं लागतं, तेही राहिलं होतं. आता हे सगळं उतरवायचं तर नेट हवं.

कर्नल आणि नेट या दोन अडचणींपायी मी दोनदा सगळी डिस्क पुसली आणि विभाजनापासून पुन्हा सुरुवात केली. मला सर्वांत जास्त लागलं ते हेच, कारण पुसण्याची काही गरज नव्हती. डिस्कवरचं काम जसंच्या तसं होतं. हे मला फार उशिरा कळलं.

घड्याळाची गोष्ट आणखी लहान. त्याच लॅपटॉपवर विंडोज होतं. विंडोज मदरबोर्डच्या घड्याळात स्थानिक वेळ ठेवतं, लिनक्स ती जागतिक वेळ समजतं, आणि भारतात बसलेल्या माणसाचं घड्याळ बरोबर साडेपाच तास पुढे जातं. मग फाईलींवर तारखा भविष्यातल्या पडतात आणि घड्याळ नीट केल्यावर कंपाइल होताना इशारे येतात की अमुक फाईल अजून जन्मायची आहे.

शेवटची अडचण फक्त आपल्यासारख्यांची. भाषा निवडताना मी मराठी निवडली. ‘डेट’ ही आज्ञा दिल्यावर महिन्याचं नाव मराठीत यायला हवं होतं. कन्सोलवर आले नुसते ठोकळे. लिनक्सच्या साध्या कन्सोलच्या फॉन्टमध्ये जास्तीत जास्त ५१२ चिन्हं मावतात, आणि जोडाक्षरं जुळवणं, वेलांटी अक्षराच्या आधी नेऊन बसवणं ही कामं त्याला येत नाहीत. ग्राफिकल डेस्कटॉप आला, देवनागरी फॉन्ट बसवला, की तेच महिने नीट दिसतात. तोवर कन्सोल इंग्रजीतच ठेवावा लागतो. ‘इंग्रजीत चालतंय ना, मग त्यात काय एवढं’, हे मला इथेही ऐकावं लागलं. माझ्या मशीनवर माझी लिपी ठोकळ्यांत दिसत असेल तर मला त्यात बरंच काही वाटतं.

जेंटूचं हँडबुक चांगलं आहे, यातलं बरंचसं त्यात लिहिलेलं आहे. पण शिकणारा माणूस पुस्तकाइतकाच शेजारच्या जाणत्यावर विसंबून असतो, आणि जाणता आपण स्वतः कुठे अडखळलो होतो ते विसरलेला असतो. मोठं संकट आलं तर माणूस बेधडक मदत मागतो. लहान अडचणीवर ‘त्यात काय एवढं’ ऐकलं की तो विचारणंच थांबवतो, आणि पुढे शिकणंही. हे मी दोघांच्या बाबतीत डोळ्यांनी पाहिलं आहे.

म्हणून मी एक वही केली आहे. प्रत्येक पायरीपुढे तीन गोष्टी लिहितो: ही कशासाठी, हिला किती वेळ लागेल, आणि ती जमली हे कशावरून ओळखायचं. ज्याला हवी त्याला मी ती देतो. पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहिलं आहे: ‘मशीन सुरू झालं नाही तरी डिस्क पुसू नका. यूएसबी लावा, विभाग माउंट करा, सीएचरूट करून डिस्कवरच्या प्रणालीच्या आत जा, आणि राहिलं असेल तेवढंच करा.’